विमानांना मज्जाव असलेलं आकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानवाहतुकीवर मराठीत लिहायला लागल्यापासून माझ्याकडे ठरावीक प्रश्न येत राहतात. कुठेतरी आकाश ‘बंद’ झाल्याची बातमी आली की त्यांचा पूर येतो. निम्मे प्रश्न ड्रोनवाल्यांचे, काही विमान उशिरा सुटल्याने वैतागलेल्या प्रवाशांचे आणि बरेचसे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचे. त्यातले वारंवार येणारे इथे एकत्र केले आहेत. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त शुद्धलेखन सावरलं आहे.

१. ‘नो फ्लाय झोन’ म्हणजे तिथे काहीच उडवायचं नाही, असंच ना?

‘नो फ्लाय झोन’ हा वर्तमानपत्राचा शब्द. वैमानिकाच्या नकाशावर तो नसतो. तिथे तीन वेगळे शब्द असतात आणि त्यांत बराच फरक आहे. पहिलं निषिद्ध क्षेत्र, म्हणजे प्रोहिबिटेड: इथे जायचंच नाही. दुसरं निर्बंधित क्षेत्र, म्हणजे रिस्ट्रिक्टेड: ठरलेल्या अटी पाळून किंवा परवानगी घेऊन जाता येतं. तिसरं धोक्याचं क्षेत्र, म्हणजे डेंजर एरिया: इथे ठरावीक वेळी विमानाला धोका होईल असं काहीतरी चालू असतं, ते ध्यानात घेऊन निर्णय घ्यायचा.

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तशाच या क्षेत्रांच्याही चतुःसीमा अक्षांश-रेखांशात लिहिलेल्या असतात. शिवाय जमिनीला नसलेल्या दोन गोष्टी यांना असतात, तळ आणि छत. त्यावर वेळ येते: काही क्षेत्रं चोवीस तास लागू, काही फक्त सरावाच्या तासांपुरती. शेवटी किल्ली कोणाकडे आहे, म्हणजे परवानगी कोणाकडून घ्यायची, हेही ठरलेलं असतं. सीमा, तळ-छत, वेळ आणि किल्ली ही चारही उत्तरं हातात आल्याशिवाय ‘बंदी आहे का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. खालच्या बहुतेक उत्तरांत मी याच चार गोष्टींकडे परत येणार आहे.

२. दिल्लीच्या ‘व्हीआयपी-८९’ला नेत्यांमुळे व्हीआयपी म्हणतात का?

नाही, पण योगायोग झकास आहे. जगभर या क्षेत्रांना आधी देशाची किंवा विभागाची अक्षरं, मग पी, आर किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि शेवटी क्रमांक अशी नावं देतात. भारतात पश्चिमेला ‘व्हीए’, पूर्वेला ‘व्हीई’, उत्तरेला ‘व्हीआय’ आणि दक्षिणेला ‘व्हीओ’. विमानतळांच्या चार अक्षरी संकेतांची सुरुवातही हीच: मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ. गोवा मात्र आज ‘व्हीओ’त मोडतो. राष्ट्रपती भवनाच्या परिसरावरचं क्षेत्र उत्तरेतलं म्हणून ‘व्हीआय’, निषिद्ध म्हणून ‘पी’ आणि क्रमांक ८९. तीन अक्षरं जोडून वाचली की व्हीआयपी होतं, आणि आत राहणारी मंडळी पाहता कोणी आक्षेपही घेत नाही.

३. पण बंदी घालायची कशाला? एवढ्या उंचावरून जाणाऱ्या विमानाचा खाली काय त्रास?

लोकांना वाटतं की खालच्या महत्त्वाच्या जागेचं वरच्या विमानापासून रक्षण करायला ही क्षेत्रं आखतात. हे अर्धंच खरं. अणुभट्टी, संसद, तेलशुद्धीकरण कारखाना यांच्याबाबतीत कारण तेच असतं. पण बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं असतं: वरच्या विमानाचं खालच्या कामापासून रक्षण करायचं असतं.

नाशिकजवळच्या देवळालीत लष्कराचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. अहिल्यानगरजवळ खारे कर्जुने परिसरात के. के. रेंज आहे, तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा सरळ रेषेत जात नाही, उंच कमान घेऊन काही किलोमीटर वर जातो आणि मग खाली येतो. त्या कमानीच्या वाटेत विमान असू नये म्हणून वरचं आकाश राखून ठेवतात. लढाऊ विमानांच्या सरावाचंही तेच. ती गिरक्या घेत, क्षणात उंची बदलत उडतात. त्यांच्यामधून प्रवासी विमान न्यायचं म्हणजे क्रिकेटच्या मैदानातून वरात काढण्यासारखं.

४. हे ठरवतं कोण? आमच्या गावच्या देवस्थानासाठी मागणी करता येईल का?

अधिकार केंद्र सरकारचा. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे. त्याच कराराचं ९ वं कलम सांगतं की लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी काही भाग बंद ठेवता येतो. मात्र बंदी वाजवी आकाराची हवी आणि नियमित प्रवासी सेवेच्या बाबतीत आपली विमान कंपनी व परदेशी कंपनी असा दुजाभाव नको. भारतात १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. क्षेत्रांची अधिकृत यादी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिकी माहितीपुस्तिकेत असते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नका.

मागणी कोणीही करू शकतं. तिरुमला देवस्थान वर्षानुवर्षं करतंय. पण देवळाच्या माथ्यावरून विमान जाऊ नये ही श्रद्धेची बाब झाली, आणि ९ व्या कलमात श्रद्धा हे कारण नाही. शिवाय जवळच तिरुपतीचा विमानतळ आहे. एक वर्तुळ आखलं की तिथे उतरणाऱ्या-सुटणाऱ्या विमानांच्या वाटा नव्याने आखाव्या लागतात. माझं मत विचाराल तर प्रत्येक वंदनीय जागेवर वर्तुळ काढत बसलो तर आपल्या देशात विमान उडवायला समुद्रच उरेल.

५. महाराष्ट्रात आणि गोव्यात अशी क्षेत्रं कुठे आहेत?

मुंबईत सगळ्यांच्या ओठावरचं नाव ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राचं. मुंबई विमानतळाच्या १४/३२ या दुय्यम धावपट्टीकडे ३२च्या बाजूने, म्हणजे आग्नेयेकडून, येताना ट्रॉम्बेची टेकडी आणि हे संकुल त्या दिशेला येतं. ती धावपट्टी कमी वापरली जाण्यामागच्या चर्चेत हा मुद्दा कायम असतो. दुसरं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं: मलबार हिलवरची डुंगरवाडी, म्हणजे पारशी समाजाची अंत्यविधीची जागा.

पुण्याची गोष्ट वेगळी. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. आपली प्रवासी विमानं तिथे पाहुणी आहेत, धावपट्टी आणि आसपासचं आकाश यांची किल्ली हवाई दलाकडे. गोव्याचं दाबोळीही तसंच, तो नौदलाचा आयएनएस हंसा तळ. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी नौदलाच्या सरावासाठी दाबोळी प्रवासी विमानांना मिळत नसे, म्हणून गोव्याची विमानं दुपारपासून रांग लावायची. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला आणि सकाळी गोव्यात उतरणं सोपं झालं.

६. नोटॅम म्हणजे काय? तो वाचायचा कसा?

कायमची क्षेत्रं छापील नकाशात असतात. तात्पुरता बदल वैमानिकांना कळवायला जी सूचना काढतात, ती नोटॅम. त्याचा साचा जगभर एकच. मी बनवलेला हा नमुना पाहा:

बी) २६०२१००३३० सी) २६०२१००७३० एफ) एसएफसी जी) एफएल १००

‘बी’ म्हणजे सुरुवात आणि ‘सी’ म्हणजे शेवट. आकडे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट या क्रमाने, म्हणजे १० फेब्रुवारी २०२६. ‘एफ’ हा तळ: एसएफसी म्हणजे जमिनीपासून. ‘जी’ हे छत: एफएल १०० म्हणजे साधारण १०,००० फूट. ‘ए’मध्ये विमानतळ किंवा विभाग येतो आणि ‘ई’मध्ये मजकूर. विभागाला वैमानिक एफआयआर म्हणतात. हा पोलीस ठाण्यातला नव्हे. भारताच्या आकाशाचे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे चार मुख्य विभाग आहेत.

सगळ्यांची फसगत वेळेत होते. ०३३० हे पहाटेचे साडेतीन नव्हेत, ही जागतिक वेळ आहे. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे नऊ. पहिल्यांदा नोटॅम वाचला तेव्हा मीही पहाटेचा गजर लावून बसलो होतो.

७. ‘आकाश बंद असल्याने विमान उशिरा’ ही थाप असते का?

बहुधा नसते. प्रजासत्ताक दिनाचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये १९ ते २६ जानेवारी रोज सकाळी १०:२० ते १२:४५ दिल्लीत विमानांची ये-जा बंद होती, कारण संचलन आणि सराव. अडीच तास दिल्ली थांबली की मुंबई-पुण्याचं संध्याकाळचं वेळापत्रकही कोलमडतं, कारण विमान तेच असतं. अशी बंदी आधीपासून जाहीर असते, त्यामुळे जानेवारीत त्या वेळेचं दिल्लीचं तिकीट काढताना दोनदा विचार करा.

८. माझ्याकडे छोटा ड्रोन आहे. कुठे उडवू शकतो?

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाश तीन रंगांत वाटलं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल नाही. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर गेलात की रंग पिवळा होतो. म्हणजे इथेही छत आलंच. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन पेटीतच ठेवा.

यात ‘चालू विमानतळ’ हे शब्द महत्त्वाचे. मागे पनवेलला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दारात ड्रोनवाला मुलगा पंखे लावत होता. मी विचारलं, “नकाशा बघितलास का रे?” तो म्हणाला, “दादा, इथेच उडवलाय मागच्या सीझनला, काही नसतं.” मागच्या सीझनला नसेलही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आणि उलवे, खारघर, पनवेलचं गणितच बदललं. फोनवर नकाशा उघडून दाखवला, तर त्याचा चेहरा पडला. मग वरमाला गच्चीवरून साध्या कॅमेऱ्याने टिपली. फोटो चांगले आले, पण माझ्या बहिणीने अजून मला माफ केलेलं नाही.

वजनाच्या सवलतीबद्दल गैरसमज आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागत नाही, हौसेसाठी उडवत असाल तर २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही नाही. पण ही सूट प्रमाणपत्राची आहे, आकाशाची नाही. लाल भाग नॅनोलाही लालच.

९. नकाशात हिरवं दाखवत होतं, तरी पोलिसांनी ड्रोन जप्त केला. हे कसं?

तीन शक्यता आहेत. एक, तात्पुरता लाल भाग. राज्य सरकार किंवा पोलीस आपल्या हद्दीत जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तो जाहीर करू शकतात. मोठी सभा, मिरवणूक, दौरा अशा वेळी हे होतं. म्हणून नकाशा आदल्या रात्री नव्हे, उड्डाणाच्या आधी बघायचा.

दोन, पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून वगैरेंवर असे आदेश वेळोवेळी निघतात. ते रंगीत नकाशात असतीलच असं नाही, पण लागू असतात.

तीन, आणि हे गडप्रेमींसाठी: आकाश हिरवं असलं तरी पाय ज्या जमिनीवर आहेत ती कोणाची? रायगड, शिवनेरी हे केंद्राचे संरक्षित किल्ले. तिथे ड्रोन उडवून चित्रीकरण करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ताडोबात वन खात्याची. अमेरिकेतल्या वाचकांनाही हेच: तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे ती उद्यानाच्या जमिनीवरून ड्रोन सोडण्या-उतरवण्याला. आकाशाचा नियम वेगळा, जमिनीचा वेगळा, आणि पाळायचे दोन्ही.

१०. मग पतंग?

हसू नका, १९३४ च्या कायद्यात विमानाच्या व्याख्येत पतंगाचा स्पष्ट उल्लेख होता. संक्रांतीला गच्चीवर काटाकाटी करणारी पोरं कायद्याच्या भाषेत विमान उडवत होती! ड्रोनचे रंगीत पट्टे पतंगाला लागू नाहीत, पण विमानतळालगत उडवू नका.

११. प्रवासी विमान चुकून निषिद्ध क्षेत्रात शिरलं तर पाडतात का?

पाडायचं नसतं. मुळात चूक होऊ नये याची तयारी आधीपासून असते: मार्ग संगणकावर आखतानाच ही क्षेत्रं टाळली जातात आणि भारतात उड्डाणाला हवाई दलाकडून एडीसी, म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यावी लागते. तरीही शिरलंच तर आधी रेडिओवर हाक. उत्तर नाही आलं तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या लहरीवर. लढाऊ विमान बाजूला येऊन पंख हलवतं, म्हणजे ‘माझ्या मागे ये’. जमिनीवरून दर १० सेकंदांनी लाल-हिरव्या प्रकाशाचे गोळे उडवण्याचाही संकेत ठरलेला आहे.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिलं गेलं त्यामागे रक्त आहे. ३१ ऑगस्ट १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अलास्कातल्या अँकरेजहून सोलला निघालं. ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाऐवजी एकाच दिशेला धरून राहिला. कोनातला फरक किरकोळ होता, पण तासागणिक अंतर वाढत गेलं आणि विमान कामचात्कावरून, मग सखालिनवरून सोव्हिएत आकाशात गेलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात ‘३ बिस’ हे कलम घातलं गेलं: उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली तीही याच घटनेनंतर. आज तुम्ही रिक्षावाल्याला लोकेशन पाठवता, त्याचा एक धागा तिथे जातो.

१२. समोर वादळ आणि बाजूला बंद आकाश. वैमानिकाने काय करायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न. नियम असा की आणीबाणीत विमान वाचवण्यासाठी गरजेपुरता नियम मोडण्याचा अधिकार कप्तानाला आहे. पण हा अधिकार त्याच्या बाजूचा झाला. पलीकडच्याने दार उघडलंच पाहिजे असं नाही.

२१ मे २०२५ ला इंडिगोचं दिल्ली-श्रीनगर विमान पठाणकोटजवळ गारपिटीच्या ढगासमोर आलं. चालकांनी सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग लाहोरला विचारलं, त्यांनीही नकार दिला. मागे फिरायचं तर ढग अगदी जवळ. शेवटी ते ढगातूनच गेले. विमानाचं नाक फुटलं, पण श्रीनगरला सगळे सुखरूप उतरले. घरात बसून ‘सरळ घुसायचं ना!’ म्हणणाऱ्यांनी उत्तर ११ मधलं ००७ आठवावं.

१३. पाकिस्तानने आकाश बंद केलं, तेही असंच क्षेत्र का?

नाही. ते आपल्या विमानांपुरतं दार लावणं आहे. २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी भारतीय कंपन्यांसाठी आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने त्यांच्यासाठी. इतर देशांची विमानं जातच राहिली. २०१९ मध्ये बालाकोटनंतरचा प्रकार मोठा होता, तो १६ जुलैपर्यंत चालला. झळ उत्तरेकडच्या शहरांना जास्त लागते. मुंबईहून आखाताकडे समुद्रावरून जाणाऱ्याला फारसं कळतही नाही.

१४. क्षेपणास्त्र चाचणीसाठी बंगालच्या उपसागरात हजारो किलोमीटर ‘बंद’ करतात म्हणे. समुद्र आपला आहे का?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, तेवढाच आपला. त्यापलीकडे कोणताही देश निषिद्ध किंवा निर्बंधित क्षेत्र आखू शकत नाही, फक्त धोक्याचं जाहीर करू शकतो. त्यामुळे अब्दुल कलाम बेटावरून किंवा श्रीहरिकोट्याहून काही सुटणार असतं तेव्हा निघतो तो इशारा असतो, हुकूम नव्हे. अर्थात क्षेपणास्त्र सुटणार आहे असं कळल्यावर हुकूम आणि इशारा यांतला फरक तपासायला कोणी वैमानिक तिथे जात नाही.

१५. बंद क्षेत्राच्या छतावरून गेलं तर सुरक्षित ना?

कायद्याने, हो. १७ जुलै २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ पूर्व युक्रेनवरून ३३,००० फुटांवरून जात होतं. खालच्या लढाईमुळे तिथलं आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंद होतं. विमान नियमात बसत होतं, छताच्या वर १,००० फूट. जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने ते पाडलं आणि २९८ जण मेले. छत किती उंचीवर ठेवायचं हे खालच्या शस्त्राचा पल्ला पाहून ठरवायला हवं होतं. आता कंपन्या अशा भागांत छताच्या आकड्यावर भिस्त न ठेवता स्वतः धोका मोजतात आणि बऱ्याचदा सगळा प्रदेशच टाळतात.

१६. राखीव आकाश रिकामं पडून राहतं, हा अपव्यय नाही का?

आहे, आणि सरकारनेही मान्य केलंय. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की भारताचं ६० टक्केच आकाश नागरी विमानांना मोकळेपणी मिळतं आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. उपाय म्हणजे आकाशाचा लवचिक वापर: सराव नसेल त्या तासांत क्षेत्रातून सशर्त मार्ग खुले करायचे. वळसा वाचला की इंधन वाचतं. पण त्यासाठी लष्कराने ‘आज दुपारी आम्हाला नको’ हे वेळेत कळवावं लागतं आणि कंपनीला मार्ग ऐनवेळी बदलता यावा लागतो. कागदावर सोपं, रोजच्या धबडग्यात कठीण.

१७. तिबेटवरून विमानं जात नाहीत, म्हणजे चीनची बंदी आहे?

मुख्य कारण उंची. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाने झटपट १०,००० फुटांवर यायचं असतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे.

१८. उपग्रह तर राष्ट्रपती भवनावरूनही जातात. त्यांना परवानगी कोण देतं?

कोणीच नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अंतराळावर कुठल्याही देशाची मालकी नाही. आकाश नेमकं कुठे संपतं आणि अंतराळ कुठे सुरू होतं, यावर मात्र देशांचं एकमत नाही. १०० किलोमीटर हा आकडा अनेक जण वापरतात, पण तो कुठल्याही करारात नाही. व्हीआयपी-८९च्या कित्येक मैल वरून परदेशी उपग्रह खालचे फोटो काढत जातात, आणि तुम्ही-आम्ही ते फोनवर मोठे करून बघतो.